काचेखालची भांग: एका फसलेल्या पिकाचा इतिहास

भांग ही उघड्या रानात कोणाच्या निगराणीवाचून वाढणारी वनस्पती आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या गावांत ती उकिरड्याच्या कडेने, पडक्या भिंतींच्या आडोशाने आणि रस्त्याच्या दुतर्फा आपोआप उगवते, पुरुषभर उंच होते आणि पावसाळा सरता सरता फुलावर येते. हीच वनस्पती छपराखाली, कुंडीत किंवा काचघरात वाढवू पाहणाऱ्यांच्या हाती मात्र बहुधा अपेक्षेपेक्षा वेगळेच काही लागले. नर झाडे काढून टाकल्यावरही मादीला बी धरले, वीतभर रोपांना अवेळी फुले आली, तर कधी एकाच झाडावर दोन्ही लिंगांच्या फुलांची सरमिसळ झाली. या फसलेल्या पिकांची नोंद करणाऱ्यांत युरोपातील अव्वल वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांनी शोधलेली कारणे सव्वादोनशे वर्षे एकामागून एक चुकत गेली, आणि अखेरीस जे कारण सापडले त्याने फुलांच्या ऋतूविषयीची सारी समजूत बदलली. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात हा भाग तुकड्यातुकड्यांनी येतो. तो सलग वाचला तर असे दिसते की भांगेच्या बंदिस्त लागवडीतील अपयश ही त्या शास्त्राची एक मोठी शाळाच होती.

हे अपयश समजण्यासाठी या झाडाची घडण आधी ध्यानात घ्यावी लागते. भांग, म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, ही विभक्तलिंगी वनस्पती आहे. याचा अर्थ असा की तिची नर फुले एका झाडावर आणि मादी फुले दुसऱ्या झाडावर येतात. नर झाड सडपातळ असते, त्याच्या झुपक्यांतून पिवळसर पराग वाऱ्यावर उधळला जातो आणि तो पराग झडला की झाड लवकरच वाळते. मादी झाड दाट पानांचे असते, त्याच्या शेंड्यांवर फुले गच्च बसतात, प्रत्येक फुलातून दोन बारीक केसांसारखे तंतू बाहेर येतात आणि पराग या तंतूंवर, म्हणजे किंजल्कांवर, पडला की बी धरू लागते. परागकण अत्यंत हलके असल्याने ते वाऱ्याबरोबर दूरवर जातात. युरोपात या झाडाची लागवड दोर, शिडांचे कापड आणि तेलाचे बी यांसाठी होत असे, त्यामुळे तेथील शेतकरी नर झाडे पराग झडल्यावर धाग्यासाठी आधी उपटत आणि मादी झाडे बी पिकेपर्यंत उभी ठेवत. हिंदुस्थानात गांजा पिकवणाऱ्याची गरज नेमकी उलट होती. त्याला बी नको होते, कारण गांजा म्हणजे मादी झाडाचे राळेने भरलेले फुलोरे, आणि बी धरू लागले की झाडाची शक्ती बियांकडे वळून राळ कमी होते. दोन्ही शेतकऱ्यांना नर आणि मादी यांचा भेद कामापुरता नीट ठाऊक होता. विद्यापीठांतील विद्वानांना मात्र तो सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सिद्ध करून दाखवता आला नव्हता.

तो सिद्ध करण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील प्राध्यापक रुडॉल्फ याकोब कामेरारियुस याने केला. २५ ऑगस्ट १६९४ रोजी त्याने गीसेनच्या आपल्या सहव्यवसायी मित्राला, मिखाएल बेर्नहार्ड वालेंटिनी याला, वनस्पतींच्या लिंगांविषयी जे प्रदीर्घ पत्र लिहिले ते या विषयातील पायाभूत लेखन मानले जाते. एरंडाची नर फुले खुडून टाकली तर बी धरत नाही आणि मक्याच्या कणसाचे केस छाटले तर दाणे भरत नाहीत, अशा प्रयोगांवरून परागाशिवाय बी होत नाही हा सिद्धान्त त्याने मांडला. भांगेने मात्र त्याला साथ दिली नाही. शेतातून आणून बागेत वेगळ्या ठेवलेल्या मादी झाडांना बी धरले, आणि पुढे बंद जागेत कुंडीत वाढवलेल्या रोपांतून नर झाडे फुलण्याआधीच काढून टाकली तरीही राहिलेल्या माद्यांवर पुष्कळ पोचट बियांबरोबर काही भरीव, उगवण्याजोगे बीही मिळाले. कामेरारियुसची थोरवी अशी की आपल्या सिद्धान्ताला अडचणीत आणणारी ही गोष्ट त्याने दडवली नाही. ती त्याच पत्रात स्पष्टपणे लिहून ठेवली आणि तिचा उलगडा आपल्याला होत नाही याबद्दलची अस्वस्थताही नोंदवली. छपराखालच्या भांगेच्या अपयशाची ही बहुधा सर्वांत जुनी शास्त्रीय नोंद असावी, आणि तिचे उत्तर मिळण्यास पुढची सव्वादोनशे वर्षे जावी लागली.

त्या पत्रानंतर साठ-पासष्ट वर्षांनी रशियातील सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने वनस्पतींना लिंगभेद असतो की नाही या प्रश्नावर निबंध मागवले, आणि १७६० मध्ये ते पारितोषिक स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचा प्राध्यापक कार्ल लिनियस याला मिळाले. त्याच्या निबंधात भांगेचा जो प्रयोग आहे तो घरातल्या लागवडीचे इतके नेटके उदाहरण आहे की तो तपशिलाने सांगण्यासारखा आहे. एप्रिल महिन्यात त्याने दोन कुंड्यांत भांगेचे बी पेरले. प्रत्येक कुंडीत तीस-चाळीस रोपे दाटीने उगवली. दोन्ही कुंड्या खिडकीच्या उजेडाला, परंतु एकमेकींपासून दूर असलेल्या खोल्यांत ठेवल्या. एका कुंडीत नर आणि माद्या दोन्ही राहू दिल्या; त्यांना जुलैमध्ये पक्व बी आले आणि ते पेरल्यावर बारा दिवसांत उगवले. दुसऱ्या कुंडीतली नर झाडे ओळखू येताच त्याने एकूणएक उपटली. पहिल्या कुंडीतल्या माद्यांचे तंतू पराग मिळताच सुकले होते, तर या दुसऱ्या कुंडीतल्या माद्यांचे तंतू दीर्घकाळ हिरवे, ताजे आणि लांब राहिले, आणि शेवटी ते कोमेजले तेव्हा फुलांच्या आवरणांत बी नव्हते. या दृश्याने लिनियस हरखून गेला होता हे त्याच्या वर्णनावरून कळते. गांजा पिकवणारा शेतकरी ज्या अवस्थेसाठी वर्षभर राबतो, ती परागविरहित मादीची अवस्था युरोपातील एका विद्वानाने खिडकीतल्या कुंडीत पाहिली आणि तिचे अचूक वर्णन केले. तिचा राळेशी असलेला संबंध मात्र त्याच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते, कारण त्याचा प्रश्न बियांचा होता.

लिनियसचे पीक फसले नाही, आणि त्यामुळेच कामेरारियुसचे कोडे अधिक गडद झाले. एकाच वनस्पतीवरचे दोन काळजीपूर्वक केलेले प्रयोग परस्परविरोधी उत्तरे देत होते. इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचा लाझारो स्पालान्झानी, जो प्राण्यांच्या गर्भधारणेवरील आपल्या प्रयोगांमुळे आज अधिक ओळखला जातो, त्याने १७८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधांत याच प्रश्नाला हात घातला. त्याने भांगेच्या मादी झाडांना नरांपासून दूर ठेवले, पराग आत येऊ नये म्हणून फांद्या काचपात्रांत बंद केल्या, आणि तरीही त्याला उगवणारे बी मिळाले. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला की निदान काही वनस्पतींत परागाची गरजच नसते. एकोणिसाव्या शतकात परागाविना बी होण्याच्या या कल्पनेला अनिषेकजनन, म्हणजे नराच्या संयोगावाचून होणारी उत्पत्ती, असे शास्त्रीय नाव मिळाले आणि पॅरिसच्या शार्ल नोदँ याने १८५६ च्या सुमारास भांगेवरील आपल्या निरीक्षणांनी तिला नवा आधार दिला. विरोधकांचे म्हणणे असे की खिडकीतून, कपड्यांवरून किंवा एखाद्या नजरचुकीने राहिलेल्या नरावरून पराग आत आला असला पाहिजे. एका बाजूने निसर्गाचा चमत्कार आणि दुसऱ्या बाजूने प्रयोगकर्त्याचा हलगर्जीपणा, अशा दोनच पर्यायांत हा वाद दीर्घकाळ अडकून पडला. खोलीतला उजेड कसा होता, तो दिवसातले किती तास होता, पेरणी कोणत्या महिन्यात झाली, हे प्रश्न त्या वादात केंद्रस्थानी आलेच नाहीत.

याच काळात बंगालमधील शेतकऱ्यांनी या झाडाच्या लिंगज्ञानाचा एक स्वतंत्र धंदा उभा केला होता. राजशाही जिल्ह्यातील नौगाव, आणि त्याला लागून असलेले दिनाजपूर व बोगरा या जिल्ह्यांचे काही भाग, मिळून जो प्रदेश होत असे त्याला गांजा महाल म्हणत; तो आज बांगलादेशात आहे. तेथील लागवडीचे बारकावे डेप्युटी कलेक्टर हेमचंद्र कर यांच्या १८७७ च्या अहवालात आणि कलकत्त्याच्या शाही वनस्पती उद्यानातील डेव्हिड प्रेन यांच्या १८९३ च्या अहवालात सापडतात. उंचावरची, सावली नसलेली, हलक्या पोताची जमीन निवडून तिला वारंवार नांगरट, शेणखत आणि पेंड दिली जाई. श्रावणात गादीवाफ्यावर बी टाकले जाई आणि सप्टेंबरच्या मध्यावर रोपांची सरीवरंब्यावर पुनर्लागण होई. झाडे जोमात आल्यावर खालच्या फांद्या छाटल्या जात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला फुलांची पहिली चाहूल लागली की शेतात पोद्दार येई. पोद्दार, ज्याला परखदार असेही म्हणत, हा मोलाने बोलावलेला जाणकार असे आणि त्याचे काम एकच होते: नर आणि मादी यांतला फरक सामान्य माणसाच्या डोळ्याला दिसण्याच्या आधी ओळखणे. तो ओळीओळीने चालत जाई, पेरांजवळच्या बारीक कळ्या निरखी आणि नर ठरलेले झाड मोडून टाकी. त्याच्यामागून शेतकरी स्वतः पुन्हा पुन्हा फिरून चुकलेली किंवा मागाहून प्रकटलेली नर झाडे काढत राही. एका शेतातील हयगय शेजारच्या शेतालाही भोवत असल्याने हे काम सगळ्या शिवाराच्या हिताचे होते.

या जाणकारांची नावे सरकारी कागदांत नाहीत. त्यांची मजुरी आणि त्यांचे कसब एवढेच नोंदले गेले. वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात त्यांना जागा मिळाली नाही ही उणीव आहे, कारण युरोपातील वादाला आवश्यक असलेली एक वस्तुस्थिती त्यांच्या शेतांत दर हंगामात दिसत होती: नर झाडे कितीही काटेकोरपणे काढली तरी फुलोऱ्यांत थोडे बी सापडतेच, आणि त्यामागे नजरेतून सुटलेल्या नरांखेरीज मादी झाडावरच तुरळकपणे उमलणारी नर फुले हेही एक कारण असते. मादीच्या झुपक्यात दडलेले एखादे नर फूल ओळखण्यास जी नजर लागते ती पुस्तकातून येत नाही.

इंग्लंडच्या पार्लमेंटात मार्च १८९३ मध्ये उपस्थित झालेल्या प्रश्नावरून हिंदुस्थान सरकारने त्याच वर्षी भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, सात सदस्यांत तीन हिंदी होते, आणि ११९३ साक्षी घेऊन आयोगाने १८९४ मध्ये आपला अनेक खंडांचा अहवाल दिला. संपूर्ण बंदी नको, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, अशी त्याची मुख्य शिफारस होती. नशेचे परिणाम हा त्या अहवालाचा गाजलेला भाग असला तरी लागवडीच्या इतिहासासाठी त्यातली प्रांतवार माहिती अधिक मोलाची आहे. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः दख्खनच्या पठारावरील अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, आणि सातारा अशा जिल्ह्यांत होत असे, तर मध्य प्रांतात ती निमाड जिल्ह्यातील खंडव्याच्या परिसरात सरकारी नियंत्रणाखाली एकवटली होती. नर झाडे काढण्याची चाल येथेही होती, परंतु पोद्दारासारखा स्वतंत्र जाणकार नसल्याने शेतकरी आपापल्या अंदाजाने ते काम करत आणि मालात बी अधिक राही. बाजाराने हा फरक अचूक टिपला होता. वायव्य प्रांतात नौगावचा माल बालूचर या नावाने आणि खंडवा व मध्य हिंदुस्थानातला माल पाथर या नावाने विकला जाई, आणि बालूचरला अधिक भाव मिळे.

बंगालचा असो वा दख्खनचा, हा सगळा शेतकरी एका बाबतीत सुदैवी होता, आणि ते सुदैव त्याला कधी जाणवण्याचे कारण नव्हते. या अक्षांशांवर दिवसाची लांबी फारशी बदलत नाही. पुण्याला वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. श्रावणात पेरलेले झाड दिवस हळूहळू आखूड होत असताना वाढते, पुरेसे मोठे होते आणि ठरल्या वेळी फुलते. पेरणीचा मुहूर्त परंपरेने इतका नेमका बसवला होता की दिवसाच्या लांबीचा फुलांशी काही संबंध असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. पॅरिसमध्ये मात्र हिवाळ्यातला दिवस आठ-सव्वाआठ तासांवर येतो आणि उन्हाळ्यात सोळा तासांपर्यंत जातो. तेथे भांगेची पेरणी काचघरात, ऋतूबाहेर करणाऱ्याला काहीतरी विचित्र दिसणे अटळ होते. प्रश्न एवढाच होता की ते पाहणारा माणूस पीक फसले म्हणून कुंडी रिकामी करतो की तिच्यापुढे थांबतो.

तो थांबणारा माणूस झ्युलियाँ तुर्नवा हा तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या अभ्यासाचा विषय भांग नव्हता. बिअरला कडवटपणा आणणाऱ्या हॉप या वेलीच्या लिंगांविषयी त्याचे संशोधन चालू होते, आणि भांग ही हॉपच्याच कुळातली असल्याने ती तुलनेसाठी सोबत होती. हॉपचा एक जपानी भाईबंद आणि भांग यांचे बी त्याने काचघरात नेहमीच्या हंगामाच्या पुष्कळ आधी, हिवाळा सरण्यापूर्वी पेरले. ऊब होती, पाणी होते, माती चांगली होती. रोपांनी उंच होऊन उन्हाळ्याअखेर फुलावर यावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात थोडीच पाने फुटलेली खुजी रोपे फुलून बसली, आणि काही फुलांत नर व मादी अवयवांची सरमिसळ झाली. १९११ मध्ये त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे या फुलांतील विकृती लवकरच्या पेरणीने उद्भवतात असे टिपण सादर केले. त्या टिपणात कारण अजून पेरणीच्या वेळेपाशीच थांबले होते.

पुढचे पाऊल हे त्याच्या कामाचे खरे मोल आहे. कोणत्याही माळ्याने प्रथम उष्णतेला, ओलाव्याला किंवा खताला दोष दिला असता, आणि त्या काळच्या शास्त्रज्ञांचाही कल तिकडेच होता. फुलणे हे झाडाच्या पोषणावर, म्हणजे त्यात साठलेल्या अन्नावर अवलंबून असते ही समजूत तेव्हा दृढ होती. तुर्नवाने प्रकाश निराळा काढून तपासला. नेहमीच्या हंगामातही काही रोपांना दिवसातले मोजकेच तास उजेड दिला आणि उरलेला वेळ काळोखात ठेवले, तेव्हा तीही लवकर फुलली. १९१२ च्या टिपणात प्रकाशाचा परिणाम आला, आणि १९१४ च्या विस्तृत प्रबंधात त्याने असे मांडले की उगवल्यापासूनच रोज फार थोडा वेळ उजेड मिळालेली रोपे अकाली फुलतात. त्यापुढे जाऊन त्याने सुचवले की दिवस आखूड होण्यापेक्षा रात्र लांबणे हेच कदाचित खरे कारण असेल. हे एक वाक्य त्याच्या काळाच्या पंचवीस वर्षे पुढे होते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि तुर्नवा रणांगणावर मारला गेला. तेव्हा तो तिशीचा होता.

अशा रीतीने हा शोध अर्ध्यावर राहिला. हायडेलबर्गचा गेओर्ग क्लेब्स याने १९१३ मध्ये एका मांसल पानांच्या वनस्पतीला हिवाळ्यात अखंड कृत्रिम उजेड देऊन फुलवले आणि येथे प्रकाश अन्न म्हणून नव्हे तर इशारा म्हणून काम करतो असे म्हटले, पण तोही १९१८ मध्ये वारला. सिद्धान्ताचे श्रेय गेले ते अमेरिकन कृषी खात्यातील डब्ल्यू. डब्ल्यू. गार्नर आणि एच. ए. ॲलर्ड यांच्याकडे. वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन येथील प्रक्षेत्रावर मेरीलँड मॅमथ नावाचा तंबाखू उन्हाळाभर माणसाच्या डोक्यावरून वाढे पण फुलत नसे, आणि त्याचीच रोपे हिवाळ्यात काचघरात लहान असतानाच फुलत. सोयाबीनचे बिलोक्सी नावाचे वाण वसंतात कितीही अंतराअंतराने पेरले तरी सप्टेंबरमध्ये जवळपास एकदमच फुले. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक लहानसे अंधारघर बांधले, दुपारनंतर कुंड्या त्यात सरकवल्या आणि दिवस कृत्रिमरीत्या आखूड केला. तंबाखू आणि सोयाबीन दोन्ही फुलले. १९२० च्या त्यांच्या निबंधाने या घटनेला नाव दिले, ज्याला मराठीत दीप्तिकालिता म्हणतात: दिवस व रात्रीच्या सापेक्ष लांबीला वनस्पतीने दिलेला प्रतिसाद. आखूड दिवसांत फुलणाऱ्या त्या लघुदिन वनस्पती, लांब दिवसांत फुलणाऱ्या त्या दीर्घदिन वनस्पती, आणि काहींना दिवसाच्या लांबीचे सोयरसुतक नसते. गार्नर आणि ॲलर्ड यांनी अनेक पिकांवर दाखवलेली व्याप्ती मोठी आहे यात वाद नाही, तरीही मूळ निरीक्षण आणि त्याचे अचूक निदान भांगेच्या व हॉपच्या खुज्या रोपांवर तुर्नवाने आधीच केले होते, आणि पाठ्यपुस्तकांनी त्याला तळटीपेत ढकलले हे न्यायाचे नाही.

कामेरारियुसचे कोडे मात्र अजून सुटायचे होते, कारण अकाली फुलणे वेगळे आणि मादीला परागाविना बी धरणे वेगळे. हा दुसरा धागा अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाच्या जॉन शॅफनर याने उचलला. १९२१ पासून दहाएक वर्षे त्याने भांगेचे बी काचघरात वर्षाच्या निरनिराळ्या महिन्यांत पेरून पाहिले. वसंताअखेर पेरलेल्या पिकात नर नर राहिले आणि माद्या माद्या. हिवाळ्याच्या आखूड दिवसांत पेरलेल्या पिकात मात्र माद्यांच्या मोठ्या भागावर नर फुले आणि नरांवर मादी फुले उमलली. १९२३ च्या निबंधात त्याने या लिंगबदलाचा संबंध थेट दिवसाच्या लांबीशी जोडला, आणि ह्यू मॅकफी या दुसऱ्या अमेरिकन संशोधकाच्या प्रयोगांनीही प्रकाशाच्या वेळेचा परिणाम दाखवला. भांगेचे नर-मादीपण गुणसूत्रांवर ठरते, परंतु ते ठरणे अभंग नसते. प्रकाशाची वेळ बिघडली, झाडावर ताण आला, की मादी झाड आपल्याच शेंड्यावर नर फुले काढते आणि त्यांचा पराग शेजारच्या किंजल्कांवर पडतो.

या दृष्टीने जुने प्रयोग पुन्हा वाचले की त्यांतला विरोध बराचसा मावळतो. लिनियसची रोपे उत्तरेकडच्या वसंतात, वाढत्या दिवसांत, खिडकीच्या भरपूर उजेडात वाढली आणि त्यांच्या माद्या शुद्ध माद्या राहिल्या. कामेरारियुसची बंद जागेतली कुंडी आणि स्पालान्झानीच्या काचपात्रांतल्या फांद्या यांना नैसर्गिक परिस्थिती मिळालेली नव्हती, आणि तेथे मादीवरच लपून नर फुले आली असण्याचा संभव सर्वांत मोठा आहे. म्हणजे बी चमत्काराने धरले नव्हते आणि प्रयोगकर्तेही हलगर्जी नव्हते. नौगावच्या पोद्दारामागून पुन्हा पुन्हा फिरणारा शेतकरी ज्या तुरळक नर फुलांमुळे सावध राही, तीच फुले या विद्वानांच्या नजरेतून निसटली, कारण मादी झाडावर नर फूल शोधावे असे त्यांच्या मनातच आले नाही.

रात्र महत्त्वाची की दिवस, या तुर्नवाच्या शंकेचे उत्तर १९३८ मध्ये आले. शिकागो येथे कार्ल हॅमनर आणि जेम्स बॉनर यांनी झँथियम नावाच्या, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या तणावर प्रयोग केले. दीर्घ रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड दाखवला तर फुलणे थांबते, पण दिवसाच्या मध्यावर काळोख केला तर काही बिघडत नाही, असे त्यांना आढळले. लघुदिन वनस्पती खरे पाहता दीर्घरात्र वनस्पती असते. पुढे मेरीलँडमधील बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत हॅरी बोर्थविक, स्टर्लिंग हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये तांबड्या आणि अतितांबड्या प्रकाशाचे परस्परविरोधी परिणाम दाखवले, आणि १९५९ मध्ये त्या प्रकाशाला ओळखणारे रंगद्रव्य, म्हणजे फायटोक्रोम, प्रत्यक्ष हाती लागले. पानातले हे द्रव्य उजेड ओळखते, आणि रात्रीच्या अंधाराचा हिशेब झाड त्याच्या आधारे ठेवते. मध्येच पडलेला उजेड तो हिशेब मोडतो.

ज्या झाडापासून हा प्रवास सुरू झाला ते पुन्हा छपराखाली गेले ते कायद्याच्या धाकाने. कॅलिफोर्नियात १९८३ पासून हेलिकॉप्टरांच्या मदतीने गांजाची शेते शोधून उपटण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा लागवड करणारे तळघरांत आणि खोल्यांत शिरले, आणि विजेच्या दिव्यांखाली पीक वाढवू लागले. दिवसाचे तास वाढवून झाड मोठे करायचे आणि नंतर रोज बारा तास अखंड काळोख देऊन ते फुलवायचे, ही त्यांची रीत सरळसरळ तुर्नवा आणि हॅमनर यांच्या निष्कर्षांवर उभी होती, मग ती नावे त्यांना ठाऊक असोत वा नसोत. नवशिक्यांची पिके फसण्याची कारणेही तीच जुनी होती: दाराच्या फटीतून रात्री येणारा उजेड, घड्याळाच्या कळीचा बिघाड, आणि त्यामुळे न फुलणारे किंवा मादीवर नर फुले काढून सगळ्या खोलीत बी धरवणारे झाड. एकट्या खोलीत काम करणाऱ्या या माणसाजवळ पोद्दार नव्हता, शेजारचे शिवारही नव्हते. चूक कळायची ती पीक हातचे गेल्यावर.

भारतात १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू झालेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाची विनापरवाना लागवड हा गंभीर गुन्हा ठरवला, मग ती शेतात असो, गच्चीवर असो वा खोलीत. आणि १८९४ च्या अहवालात आयोगाने ज्या अहमदनगर-साताऱ्याच्या लागवडीचे वर्णन केले तिचा उघड इतिहास त्यापूर्वीच आटत आला होता. नौगावच्या शेतकऱ्यांनी १९१७ मध्ये स्थापन केलेली सहकारी संस्था फाळणीनंतरही टिकली, पण बांगलादेशातील बंदीनंतर १९८० च्या दशकात तेथलीही लागवड संपली आणि पोद्दाराचे कसब निरुपयोगी झाले. रात्रीच्या लांबीचे ज्ञान मात्र याच दख्खनच्या पठारावर दुसऱ्या पिकाच्या रूपाने रोजच्या वापरात आहे. शेवंती ही लघुदिन वनस्पती असल्याने पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाड्याच्या आसपास आणि इतरत्र पॉलीहाऊसमध्ये तिची बिगरहंगामी लागवड करणारे फूल उत्पादक रोपे लहान असताना रात्री मध्येच दिवे लावून ती फुलण्यापासून थोपवतात, आणि दांडा पुरेसा उंच झाला की संध्याकाळी काळे कापड ओढून रात्र लांबवतात, म्हणजे सणाच्या किंवा लग्नसराईच्या तारखेला फूल हाती येते. कापडाला एखादे भोक पडले तर त्याखालचा पट्टा मागे राहतो.